एकाच तारखेच्या घटना शेजारी-शेजारी लावण्यात इतिहास किती आणि योगायोग किती?

जुनीपाने
धाग्याचा विषय दिनविशेषाच्या याद्या. उदाहरणासाठी ३० जानेवारी घेऊ. १६४९ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद. १६६१ मध्ये चार्ल्सविरुद्ध लढलेला नेता ऑलिव्हर क्रॉमवेल याचं पुरलेलं प्रेत उकरून लंडनमधल्या टायबर्नला फासावर. १९३३ मध्ये हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर. १९४५ मध्ये 'विल्हेल्म गुस्टलॉफ' हे जर्मन जहाज बुडालं. १९४८ मध्ये गांधीजींची हत्या. १९७२ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांचा मोर्चावर गोळीबार.

या सहांपैकी खरा संबंध फक्त पहिल्या दोन घटनांत आहे. क्रॉमवेल १६५८ मध्येच वारला होता. राजेशाही परतल्यावर त्याच्या प्रेताला शिक्षा देण्यासाठी राजाच्या मृत्यूची तारीख मुद्दाम निवडली गेली. म्हणजे १६६१ च्या लोकांच्या डोक्यात १६४९ होतं. बाकीच्या घटना कॅलेंडरच्या एका चौकोनात पडल्या, एवढंच. गुस्टलॉफचं उदाहरण तर फार फसवं आहे. जहाज ज्या नाझी पुढाऱ्याच्या नावाचं, त्याचा जन्म ३० जानेवारी १८९५ चा आणि जहाज बुडालं ३० जानेवारीलाच. पण टॉर्पेडो सोडणाऱ्या सोव्हिएत पाणबुडीला समोर आलेलं जहाज दिसत होतं, कुणाचा वाढदिवस नव्हे. त्याच दिवशी रेडिओवर झालेलं हिटलरचं भाषण मात्र १९३३ शी जोडलेलं आहे, कारण सत्ता मिळाल्याचा तो वार्षिक सोहळाच होता.

माझं मत असं: पुढच्या घटनेच्या कर्त्यांना मागची तारीख ठाऊक होती आणि त्यांनी तिच्यावरून काही केलं, असं दाखवता आलं तरच दोन नोंदी एकत्र लावाव्यात. नाहीतर वाचकाला नसलेला धागा दिसू लागतो.

सलगवाचक
पूर्ण असहमत. ही चाळणी आधी लावली तर संबंध सापडणारच नाहीत. ९ नोव्हेंबर घ्या. १९१८ ला बर्लिनमध्ये समाजवादी नेता शायडेमानने प्रजासत्ताकाची घोषणा केली. १९२३ ला म्युनिकमध्ये हिटलरचा उठाव फसला. तो सुरू झाला ८ तारखेच्या संध्याकाळी, मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या ९ ला. १९३८ ला ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली-जाळली गेली. १९८९ ला बर्लिनची भिंत उघडली.

१९३८ च्या हिंसेला पॅरिसमधल्या जर्मन अधिकाऱ्याच्या मृत्यूचं निमित्त होतं, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. पण ती एका रात्रीत देशभर पसरली कशी? त्या संध्याकाळी १९२३ च्या उठावाच्या स्मरणासाठी पक्षाचे जुने नेते म्युनिकमध्ये एकत्र जमलेलेच होते. प्रचारमंत्री गोबेल्सने तिथे चिथावणी दिली आणि तिथूनच फोनवर जिल्ह्याजिल्ह्यांत निरोप गेले. हा दुवा हाती लागतो तो दोन्ही वर्षं शेजारी ठेवल्यावर.

१९८९ चं उदाहरण तर तुमच्या नियमात बसतच नाही. पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचा नेता शाबोव्स्कीने पत्रकार परिषदेत कागद नीट न पाहता प्रवासाचे नवे नियम 'तात्काळ' लागू असल्याचं सांगितलं. त्यात मागच्या तारखेचा विचार शून्य. तरीही पुढच्या वर्षी एकत्र आलेल्या जर्मनीचा राष्ट्रीय दिन ठरवताना ९ नोव्हेंबर मागे पडला, कारण त्या तारखेवर १९३८ चा डाग होता. निवड झाली ३ ऑक्टोबरची. घटना योगायोगाने त्या दिवशी घडली, परिणाम मात्र खरा झाला. तुमची चाळणी हे गाळून टाकते.

शक्यतागणित
भावना बाजूला ठेवून आकडे पाहू. वर्षभरात १,००० प्रसिद्ध घटना कशाही विखुरल्या, तर दिवसाला सरासरी २.७४ येतात. पण त्या समान पसरत नाहीत. अशा विखुरण्यात साधारण २४ तारखा पूर्ण रिकाम्या राहतात आणि दोन-तीन तारखांवर ८ किंवा त्याहून जास्त घटना साचतात. कुणी काही न ठरवता! अशी साचलेली तारीख उचलायची आणि 'या दिवसात काहीतरी आहे' म्हणायचं, ही पहिली गल्लत.

दुसरी गल्लत निवडीची. ११ सप्टेंबर म्हटलं की १८९३ चं विवेकानंदांचं शिकागोतलं भाषण, १९०६ ची जोहान्सबर्गमधली गांधीजींची सभा, १९७३ चा चिलीतला लष्करी उठाव आणि २००१ चे हल्ले अशी साखळी जोडली जाते. मोठ्या घटनांची यादी लांब असेल तर अशी चौकडी जवळपास कोणत्याही तारखेला जुळवता येते.

अमेरिकेच्या पहिल्या पाच राष्ट्राध्यक्षांपैकी तिघे ४ जुलैला वारले: अ‍ॅडम्स आणि जेफरसन १८२६ ला एकाच दिवशी, मन्रो १८३१ ला. पाचांपैकी कोणतेही तीन आधीच ठरवलेल्या एका तारखेला जाण्याची शक्यता साधारण ४८ लाखांत एक. पण तारीख आधी ठरवली नसेल, कोणतीही चालणार असेल, तर तीच शक्यता साधारण १३,००० त एक होते. प्रश्न कसा विचारला, यावर उत्तर ३६५ पट बदलतं. त्यातही १८२६ हे स्वातंत्र्याच्या घोषणेचं पन्नासावं वर्ष होतं, अ‍ॅडम्स नव्वदीचे, जेफरसन ८३ वर्षांचे, दोघेही आजारी, दोघांनाही तारखेचं भान. तिथे 'यादृच्छिक' हे गृहीतकही शंभर टक्के लागू नाही, हे जुनीपाने यांच्या बाजूने नोंदवतो.

कालगणक
वरच्या तिघांचाही एक पाया कच्चा आहे. 'एकच तारीख' म्हणजे 'एकच दिवस' असं सगळे धरून चालले आहेत. चार्ल्स आणि क्रॉमवेल यांचा ३० जानेवारी ज्युलियन (युरोपातलं जुनं कॅलेंडर) आहे, बाकी सगळे ग्रेगोरियन (आजचं). आपल्या आजच्या कॅलेंडरप्रमाणे चार्ल्सचा शिरच्छेद ९ फेब्रुवारी १६४९ ला येतो. शिवाय तेव्हाच्या इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून त्या काळच्या कागदांत वर्ष १६४८ दिसतं.

यादी करणाऱ्यांनी निदान एवढं करावं. घटना कुठली, तिथे नवं कॅलेंडर कधी लागू झालं, हे आधी बघायचं. स्पेन आणि इटलीत ४ ऑक्टोबर १५८२ नंतर थेट १५ ऑक्टोबर आला. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींत २ सप्टेंबर १७५२ नंतर १४ सप्टेंबर. रशियात ३१ जानेवारी १९१८ नंतर १४ फेब्रुवारी. मग त्या काळातला फरक मिळवायचा: १७०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत १० दिवस, त्यानंतर १८०० पर्यंत ११, १९०० पर्यंत १२, आता १३. लोक हमखास चुकतात ते इथेच, कारण सरसकट आजचे १३ दिवस मिळवले जातात. लेनिनचा जन्म १० एप्रिल १८७० चा. त्यात १२ मिळवून २२ एप्रिल येतो, २३ नाही.

पडताळणी वारावरून करा. कॅलेंडर बदललं तरी वारांची साखळी तुटली नाही. २ सप्टेंबर १७५२ बुधवार होता, १४ सप्टेंबर गुरुवार. चार्ल्सचा दिवस ज्युलियन दिनांकात (ही दिवसांची सलग मोजणी, ज्युलियन कॅलेंडर नव्हे) २३२३३८५. त्याला ७ ने भागल्यावर बाकी १. बाकी ० म्हणजे सोमवार, तर १ म्हणजे मंगळवार, आणि जुन्या नोंदीतही मंगळवारच आहे. संगणकावर १६४९-०१-३० तसंच टाकलंत तर शनिवार मिळेल, कारण पायथॉनसारख्या भाषा ग्रेगोरियन नियम मागे कितीही ताणतात. एक्सेलमध्ये तर १९०० आधीची तारीख तारीख म्हणून बसतच नाही. ती मजकूर म्हणून राहते आणि क्रम लावताना वेगळ्याच टोकाला जाते.

शेक्सपिअर आणि सर्वांतेस २३ एप्रिल १६१६ ला एकाच दिवशी गेले, हे वाक्य या कारणाने मोडतं. शेक्सपिअरचा २३ एप्रिल ज्युलियन, म्हणजे नव्या गणनेने ३ मे. सर्वांतेसचा मृत्यू बहुधा २२ चा, २३ ची नोंद दफनाची.

सलगवाचक
कालगणक, हिशोब बिनचूक आहे, पण त्यातून निघणारा 'सगळं ग्रेगोरियन करा' हा आग्रह घातक आहे. तारीख ही लोकांनी पाळलेली गोष्ट आहे. १६६१ च्या लंडनकरांनी प्रेत फासावर दिलं ते त्यांच्या ३० जानेवारीला. तुमच्या दुरुस्तीने दोन्ही घटना ९ फेब्रुवारीला गेल्या तर हिशोब टिकतो, पण त्या काळच्या कागदपत्रांत शोधणाऱ्याला काही सापडणार नाही.

रूपांतराने घोळ कसा वाढतो त्याचं उदाहरण आयर्लंडमधली बॉइनची लढाई. ती १ जुलै १६९० ची, ज्युलियन. १० दिवस मिळवून ११ जुलै यायला हवा, पण पाळली जाते १२ जुलैला. तिथल्याच ऑघ्रिमच्या लढाईची जुनी तारीख १२ जुलै १६९१, तिचं स्मरण आधीपासून त्या दिवशी होत होतं. आणि अठराव्या शतकात ११ दिवसांचा फरक लावल्यावर बॉइनही तिथेच येऊन बसली. उलट वॉशिंग्टनचा जन्म ११ फेब्रुवारी १७३१ असा नोंदलेला, तो २२ फेब्रुवारी १७३२ झाला, वर्षासकट. एकीकडे रूपांतर पाळलं, दुसरीकडे नाही. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही ज्युलियन आहे, ग्रेगोरियन १६ जून. ती ६ जूनच राहिली. यात कुणी 'चूक' नाही, प्रत्येक समाजाने आपली रीत ठरवली.

वेळक्षेत्र
कॅलेंडर एकच असलं तरी प्रश्न संपत नाही. पर्ल हार्बरवरचा हल्ला हवाईत ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळचा, जपानमध्ये तेव्हा ८ डिसेंबर उजाडला होता. मलायातल्या कोटा बारू इथे जपानी सैन्य स्थानिक ८ डिसेंबरला उतरलं, आणि ते पर्ल हार्बरच्या सुमारे तासभर *आधी*. म्हणजे ८ तारखेची घटना ७ तारखेच्या घटनेच्या अगोदर घडली. नुसत्या तारखेवर क्रम लावणारी यादी इथे उलटं सांगते.

अपोलो ११ चंद्रावर उतरलं २० जुलै १९६९ ला, जागतिक प्रमाण वेळ (यूटीसी) २०:१७. भारतात तेव्हा २१ जुलैचे पहाटेचे १:४७. पहिलं पाऊल अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर २० तारखेच्या रात्री १०:५६ चं, प्रमाण वेळेत २१ चं. दोन्ही याद्या बरोबर, पण वेळेचा आधार लिहिला नसेल तर दोन्ही भांडत राहतात.

मध्यरात्र ओलांडणाऱ्या घटनांना निदान दोन तारखा द्या. टायटॅनिक १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११:४० ला हिमनगावर आदळलं, बुडालं १५ च्या पहाटे २:२० ला. लिंकनवर गोळी १४ एप्रिल १८६५ च्या रात्री, मृत्यू १५ च्या सकाळी.

जुनीपाने
सलगवाचक यांचा १९८९ चा मुद्दा वजनदार आहे, पण तोही माझ्याच नियमात बसतो: ३ ऑक्टोबर निवडणाऱ्यांच्या डोक्यात १९३८ होतं. नोंद त्या *निर्णयाची* करा, भिंत उघडण्याची नव्हे.

मुद्दाम निवडलेल्या तारखा ओळखणं अवघड नसतं. २६ जानेवारी १९३० ला पूर्ण स्वराज्याचा दिवस पाळला गेला. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारूनही पूर्ण अंमल दोन महिने थांबवला तो याच तारखेसाठी. १५ ऑगस्ट १९४७ ची निवड माउंटबॅटनने केली, जपानच्या शरणागतीला दोन वर्षं होत होती म्हणून. दक्षिण कोरियाने १५ ऑगस्ट १९४८ ला सरकार स्थापन केलं तेही १९४५ च्या मुक्तीच्या दिवशीच. पण नेपोलियनचा जन्म (१७६९) आणि पनामा कालव्याचं उद्घाटन (१९१४) त्याच तारखेला, हे त्या ओळीत घालून काय मिळतं?

आणि नुकसान होतं, हे कालगणक यांच्या लेनिनवरूनच दिसतं. पहिला वसुंधरा दिन २२ एप्रिल १९७० ला झाला. ती लेनिनची जन्मशताब्दी निघाली आणि अमेरिकेत काहींनी त्यात कम्युनिस्टांचा डाव पाहिला. आयोजकांनी तारीख निवडली होती विद्यापीठांची वसंतातली सुट्टी आणि वार्षिक परीक्षा यांच्या मधला बुधवार म्हणून. शेक्सपिअरच्या बाबतीत तर तारीख जुळवूनच घेतली गेली. नोंद आहे ती २६ एप्रिल १५६४ च्या बाप्तिस्म्याची; जन्म २३ चा मानला जातो, कारण मृत्यू त्याच तारखेचा आणि इंग्लंडचा संरक्षक संत जॉर्ज याचा दिवसही तोच.

सलगवाचक
डाव पाहणाऱ्यांना उत्तर देता आलं ते दोन्ही नोंदी समोर होत्या म्हणून. यादीतून लेनिन काढला असता तर शंका राहिली असती, फक्त उत्तर गेलं असतं. नेपोलियन आणि पनामा राहू द्यावेत, प्रत्येक नोंदीपुढे एक शब्द जोडावा: 'निवडलेली', 'परिणामी' किंवा 'योगायोग'. गुस्टलॉफपुढे 'योगायोग' असं छापलेलं वाचकाला जेवढं शिकवतं, तेवढं ती नोंद गाळून शिकवता येत नाही.

कालगणक
त्या शब्दाशेजारी आणखी तीन रकाने लागतील: मूळ तारीख जशी नोंदली तशी, तिचं कॅलेंडर आणि ज्युलियन दिनांक. क्रम आणि अंतर शेवटच्यावरून काढायचं, छापायची मूळ तारीख. म्हणजे सलगवाचक यांची ६ जून हलत नाही आणि कोटा बारूही जागेवर येतं, मात्र तिथे दिनांकाला प्रमाण वेळेचा अपूर्णांक जोडावा लागेल. ज्युलियन दिनांक दुपारी १२ ला बदलतो, मध्यरात्री नाही. अपूर्णांक लावताना अर्ध्या दिवसाची चूक होते ती इथेच.

जुनीपाने
रकाने मान्य. 'योगायोग' लिहून नोंद ठेवणं अजूनही मान्य नाही. अशी यादी दिवसाला ८ नोंदींवर थांबत नाही, आणि वाचक शब्द न वाचता तारीख वाचतो.