मदत हवी आहे: तेल जुने होऊ लागताच फ्रायरमधला कपॅसिटिव्ह सेन्सर जास्त पातळी दाखवतो

नमस्कार. आमच्या फरसाणाच्या छोट्या कारखान्यात विजेवर चालणारा ६० लिटरचा फ्रायर असून त्यात शेव, पापडी आणि चकली तळली जाते. तेल हीटरच्या खाली गेले तर उघडा पडलेला हीटर आग लावू शकतो, म्हणून गेल्या महिन्यात टाकीच्या कोपऱ्यात कपॅसिटिव्ह पातळी-सेन्सर बसवला. स्टेनलेस स्टीलची सळई, तिच्याभोवती भोके पाडलेली नळी आणि दोहोंमधल्या फटीत तेल जितके चढेल तितकी वाढणारी धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता, म्हणजे कपॅसिटन्स), इतकीच त्याची रचना आहे. त्याआधी फ्लोट, म्हणजे तेलावर तरंगून पातळी दाखवणारा गोळा, वापरला होता. तेलाचा राळेसारखा चिकट थर बसून तो आठवड्याभरात अडकला, तेव्हा कृपया पुन्हा तो सुचवू नये.

ताज्या तेलावर, १८० अंशांना कॅलिब्रेशन केल्यावर पहिला दिवस आकडे बरोबर येतात. तिसऱ्या दिवशी मात्र पट्टी बुडवून पाहिले तर तेल ७० टक्के असते आणि पडद्यावर ८० दिसतात. चूक नेमकी धोक्याच्या बाजूची आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे दोष तेलाच्या परावैद्युतांकात (फटीत हवेऐवजी तो पदार्थ भरल्यास धारिता किती पट होते तो अंक, डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट) आहे. पाण्याचा हा अंक साधारण ८० असतो, तर ताज्या खाद्यतेलाचा जेमतेम ३. त्यामुळे पाण्याच्या टाकीत खपून जाणारा किरकोळ बदल इथे खपत नाही. तळताना तेलात ध्रुवीय संयुगे (तेल खराब होताना बनणारे पदार्थ) वाढतात आणि हा अंक वर सरकतो. एफएसएसएआयची (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) २५ टक्क्यांची मर्यादा याच संयुगांची आहे आणि तेल तपासणारी हातातली बरीच यंत्रेही हाच अंक मोजतात, म्हणजे माझा पातळी-सेन्सर नकळत तेलाचा दर्जाही मोजत बसला आहे! हवेचा अंक १ असल्यामुळे तेलाचा ३ वरून ३.३ झाला, तर मोजला जाणारा फरक २ चा २.३ होतो आणि ७० चे ८० होतात, हिशेब जुळतो. फटीत अडकलेला बेसनाचा चुरा व ओल यांचाही वाटा असावा, परंतु नळी धुतल्यावर फरक थोडाच कमी झाला.

उपाय म्हणून सदैव बुडालेला एक छोटा संदर्भ-प्रोब बसवून त्याच्या धारितेने मुख्य आकडा सुधारावा, असा विचार आहे. प्रश्न त्याच्या जागेचा आहे. हीटरच्या खालचे तेल बरेच थंड असते व तिथेच गाळ साचतो. तापमान कमी असले की तेलाचा परावैद्युतांक वाढतो, म्हणजे तिथला संदर्भ वरच्या तेलाशी जुळणार नाही. हीटरच्या लगेच वर बसवला, तर तेल कमी होताच तोच आधी उघडा पडेल. अशा वेळी प्रोब खालीच ठेवून त्याला वेगळा तापमान-सेन्सर जोडणे पुरेसे होते का? फट ४ मिमीवरून ८ मिमी केल्यास चुरा कमी अडकेल, पण आधीच लहान असलेली धारिता आणखी घटेल. तेवढ्यावर कोणी काम निभावले आहे का?

अतितापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट स्वतंत्र आहे आणि तो तसाच राहील. टाकी रविवारी रिकामी होणार असून नवे भोक पाडायचे असल्यास त्याच दिवशी पाडता येईल.