ऑटो डेबिट चालू आहे, तरी कार्डावर ४७ हजार कसे?

मोसंबी_ज्यूस:

नमस्कार मंडळी. वय २६, चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, गाव सांगोल्याकडे. पगाराचं खातं आहे त्याच बँकेने मार्चमध्ये क्रेडिट कार्ड दिलं. लिमिट १ लाख २० हजार. कार्ड घेऊन आलेल्या पोराने ऑटो डेबिटचा फॉर्म कँटीनमध्येच भरून घेतला. "आता बिलाचं टेन्शनच नाही सर, आपोआप कटणार." मी सही केली आणि राहिलेला वडापाव संपवला.

जूनपर्यंत कार्ड पाकिटातच होतं. २० जूनला आईसाठी फ्रिज घेतला, ३६ हजारांचा. त्यानंतर पेट्रोल, किराणा असं महिन्याला पाचेक हजार. ऑगस्टमध्ये खात्यातून १,८०० गेले. दुकानदार ईएमआयचं काहीतरी बोलत होता, म्हणून वाटलं तोच हप्ता असेल. सप्टेंबरमध्ये ४,७७२ गेले, ऑक्टोबरमध्ये ३,९१०. म्हटलं झालं, माझा महिन्याचा खर्च कटतोय.

काल पहिल्यांदा १५ तारखेचं स्टेटमेंट उघडलं (ईमेलवर येतं, कोण बघतं). ४७,०२५ रुपये देणं! चार महिन्यांत खरेदी ५१ हजारांची, भरले साडेदहा हजार. मग वरचे साडेसहा हजार आले कुठून? त्यात बँकेतून फोन, "दीड टक्क्याने ईएमआय करून देतो." करू का? बोनसचे २२ हजार हातात आहेत, आरडीत ३० हजार आहेत. आणि हे कार्ड बंदच करून टाकू का?

सोलापुरी_काका:

कात्री घ्या, कार्डाचे चार तुकडे करा. आम्ही पहिला फ्रिज दोन वर्षं पैसे साठवून घेतला, तोवर माठातलं पाणी पीत होतो, कोणी मेलं नाही. ऋण काढून सण करायची सवय लागली की सुटत नाही.

ऐरोलीची_माजी:

काका, तुकडे केल्याने ४७ हजार जात नाहीत हो. ते आधी फिटू देत.

मोसंबी, तुला अरे-तुरे करते, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा आहेस. मी चार वर्षं कार्डांच्या कस्टमर केअरला होते, ऐरोलीला. रात्री दहाची पाळी. तुझ्यासारखा फोन आठवड्यात एक तरी यायचाच, आणि समोरचा माणूस हेच म्हणायचा, "मॅडम, माझं ऑटो डेबिट चालू आहे!" चालू असतंच रे. पण फॉर्मवर दोन चौकोन असतात, 'टोटल ड्यू' म्हणजे पूर्ण बिल आणि 'मिनिमम ड्यू' म्हणजे त्यातली कमीत कमी भरायची रक्कम. त्या पोराने दुसऱ्यावर टिक केली. १,८०० म्हणजे ३६ हजारांचे बरोब्बर ५ टक्के, त्यावरूनच कळलं.

आता साडेसहा हजारांचं. तुझं व्याज महिना ३.५ टक्के असणार, म्हणजे वर्षाला ४२. लोकांना वाटतं, भरायचे राहिले तेवढ्यावरच आणि शेवटच्या तारखेपासून व्याज लागतं. तसं नाही. पूर्ण बिल भरलं नाहीस की खरेदीपासून बिलाच्या शेवटच्या तारखेपर्यंतचे बिनव्याजी दिवस गेलेच, आणि व्याज थेट खरेदीच्या तारखेपासून. २० जून ते ४ ऑगस्ट, म्हणजे १,८०० कटेपर्यंत, असे ४५ दिवस, पूर्ण ३६ हजारांवर, १,८६४ रुपये. १,८०० कापल्यावर उरलेल्या ३४,२०० वर १५ ऑगस्टच्या बिलापर्यंत पुढचे ११ दिवस, ४३३. नवीन पेट्रोल-किराण्यालाही सूट नाही, पहिल्या दिवसापासून मीटर चालू, त्याचे अंदाजे ८६. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. पहिल्याच फेरीत झाले २,८१२. म्हणजे तू भरलेस १,८०० आणि वाढले त्याहून जास्त. ते पुढच्या मिनिममध्ये धरले गेले, म्हणून सप्टेंबरचा आकडा ४,७७२ पर्यंत फुगला. असंच पुढे. नुसतं मिनिमम भरत राहिलात तर फेड लांबत जाईल, अशी ताकीद स्टेटमेंटवर छापणं रिझर्व्ह बँकेने सक्तीचं केलंय. बारीक अक्षरात असते. आम्ही फोनवर लोकांना ती ओळ वाचायला लावायचो, तेव्हा पलीकडे एकदम शांतता.

आरडी मोड. हो, मोडच. आरडी तुला सहा-सात टक्के देते आणि कार्ड जीएसटी धरून साडेएकोणपन्नास टक्के खातंय. मुदतीआधी मोडली तर थोडं व्याज कापतील, कापू देत. त्यात बोनस घालून ४७,०२५ आजच भर, ४ नोव्हेंबरची वाट बघू नकोस, दिवसागणिक साठेक रुपये वाढताहेत. ईएमआय नको. महिना दीड टक्का म्हणजे वर्षाला १८, वर प्रोसेसिंग फी, वर व्याजावर जीएसटी. हाताशी पैसे नसते तर मीच म्हटलं असतं की घे.

आणि एक. सगळे भरलेस तरी पुढच्या बिलात थोडं व्याज येईल, १५ तारखेपासून तू भरलेस त्या दिवसापर्यंतचं. आम्ही त्याला शेपूट म्हणायचो. त्या दोन-तीनशे रुपयांवरून लोक आम्हाला काय काय बोललेत ते इथे लिहिता यायचं नाही. मुकाट भर. आणि ते बिल फिटेपर्यंत कार्डावर काही घेऊ नकोस.

ऑटो डेबिट ॲपमधून 'टोटल'वर करता येतं, पण बदल लागू व्हायला एखादं बिल जातं. तेव्हा पुढचं बिल हातानेच भर. खात्यात तेवढी शिल्लकही ठेव, नाहीतर डेबिट परत गेल्याचा दंड बँक वेगळा लावते.

फायदा म्हणशील तर पॉइंटांचा नाद सोड. साध्या कार्डावर १५० रुपयांना एक पॉइंट आणि पॉइंटची किंमत चार आणे धर. ५१ हजारांवर तुला मिळाले ८५ रुपये! खरा फायदा तारखांचा. तुझं बिल १५ ला बनतं. १४ ला काही घेतलंस तर २१ दिवसांत पैसे द्यायचे. तेच १६ ला घेतलंस तर जवळजवळ ४९ दिवस बिनव्याजी. मी मुलाच्या क्लासची फी आणि गाडीचा विमा कायम बिल बनल्याच्या दुसऱ्या दिवशी भरते आणि तेवढे पैसे त्याच दिवशी वेगळ्या खात्यात सरकवते. सरकवायला नसतील तर ती वस्तू माझ्या ऐपतीतली नाही, असं मी धरते. एटीएममधून मात्र कार्डावर कधी पैसे काढू नकोस. तिथे बिनव्याजी दिवस नसतातच, वर फी.

चहा_कमी_साखर:

ताईंनी मुद्द्याचं सगळं सांगितलंय. बंद करण्याबद्दल माझं मत, पहिलं कार्ड आहे, वार्षिक फी नसेल तर राहू दे. सिबिलमध्ये, म्हणजे तुझ्या कर्जफेडीच्या नोंदीत, जुनं खातं कामाला येतं. मोह होत असेल तर लिमिट ५० हजारांवर आणून घे. पण बंद करायचंच ठरवलंस आणि बँकेने टाळाटाळ केली, तर २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बाकी काही नसेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं. उशीर झाला तर पुढे दर दिवसाला ५०० रुपये बँकेने तुला द्यायचे. हे ईमेलमध्ये लिहिलं की कामं भराभर होतात, स्वानुभव.

एक सावधगिरी. रुपे कार्ड असेल तर ते यूपीआयला जोडू नकोस. मी जोडलं होतं. टपरीवरचा चहा, रिक्षा, केळी, सगळं कार्डावर. महिन्याच्या शेवटी बिलात १३८ ओळी. त्यातल्या निम्म्या आठवेनात.

मोसंबी_ज्यूस:

महिनाभराने लिहितोय, सॉरी. ताई, तुम्ही सांगितलं तसंच केलं. २० ऑक्टोबरला आरडी मोडून पूर्ण भरले. फॉर्मची प्रत मागवली, टिक खरंच 'मिनिमम'वर होती आणि खाली सही माझीच, त्यामुळे भांडायला जागा नाही. काल नवीन बिल आलं, शेपूट ३१९ रुपयांचं. भरून टाकलं. ऑटो डेबिट आता 'टोटल' दाखवतंय, लिमिट ४० हजार करून घेतली.

सगळं व्याज फ्रिजवर धरलं तर तो ४२,८२६ ला पडला. आईला अजून ३६ च माहीत आहेत, आणि तेवढ्यावरच ती शेजारच्या काकूंना सांगते की पोराने फारच महागातला आणला.

ऐरोलीची_माजी:

३६ च राहू देत.