फिलिपिन्समध्ये गाव वाढलं की जमिनीचं काय होतं?

पेडणेकर: गोव्यात मोपा विमानतळ झाल्यापासून आमच्या वाड्यावर जमिनीच्या भावाशिवाय दुसरा विषय नाही. जहाजावरचे फिलिपिनो सोबती म्हणतात, त्यांच्याकडेही तेच. तिथे गावाचा कारभार कोण बघतो?

जुना दर्यावर्दी: इलोइलोजवळ एका सोबत्याच्या गावी राहिलोय. गाव म्हणजे बारांगाय. निवडून आलेला कप्तान, सात सदस्य आणि तरुणांचा एक प्रतिनिधी. नवं बारांगाय करायचं तर १९९१ च्या कायद्याप्रमाणे निदान २,००० वस्ती लागते, मोठ्या शहरांत ५,०००. भातशेती आहेच, पण रस्त्याकडेला बोटीच्या पैशांतली दुमजली घरं उठतायत. (आपल्याकडे काय वेगळं आहे म्हणा!) १९८८ च्या कायद्याने जमीनदाराकडे ५ हेक्टरच राहतात, बाकीची कुळांना. परदेशी माणसाला मात्र जमीन विकतच घेता येत नाही, हे मला फार आवडलं.

सत्तरीची सून: आणि आपल्या गोव्यातल्या कोमुनिदादीसारखी गावाची सामायिक जमीन?

जुना दर्यावर्दी: त्या गावात नव्हती, ताई. डोंगरातल्या आदिवासींना १९९७ च्या कायद्याने वाडवडिलांच्या भूमीवर सामूहिक हक्क मिळतो.

पेडणेकर: परदेशी फ्लॅट तरी घेतात का?

जुना दर्यावर्दी: घेतात. पण एका प्रकल्पात ४० टक्क्यांपर्यंतच.