पेठांमधल्या रस्त्यांचं नेटवर्क अ‍ॅनालिसिस: रेडियस किती, आणि अँग्युलर की मेट्रिक?

नकाशावाली
मंडळी मदत हवीये. एम. प्लॅनच्या थीसिससाठी पुण्यातल्या शनिवार, नारायण, सदाशिव, बुधवार, रविवार, कसबा या पेठांच्या रस्त्यांचं अ‍ॅनालिसिस करतेय, पायी चालणारे कुठून जास्त जातात आणि दुकानं तिथंच का दाटतात असा साधारण विषय. ओएसएमएनएक्स या पायथन लायब्ररीनं ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरचे रस्ते उतरवले, जवळजवळचे चौक एकत्र (कन्सॉलिडेट) करताना टॉलरन्स १५ मीटर दिला, मग नेटवर्कएक्स या दुसऱ्या लायब्ररीत बिटवीननेस काढला, म्हणजे सगळ्या ठिकाणांमधल्या सर्वांत जवळच्या वाटांपैकी किती तिथून जातात तो आकडा. आता नकाशात मध्ये सगळं लालेलाल (म्हणजे आकडा मोठा) आणि नदीकडची बाजू पार फिकी, आणि तुळशीबागेतल्या गल्ल्या तर दिसतच नाहीत!! गाइड म्हणतात डेप्थमॅप या सॉफ्टवेअरमध्ये अँग्युलर कर (मेट्रिकमध्ये जवळची वाट मीटरवरून ठरते, अँग्युलरमध्ये किती कमी वळावं लागतं त्यावरून), एक मित्र म्हणतो एसडीएनए हे दुसरं सॉफ्टवेअर घे, रेडियस, म्हणजे प्रत्येक ठिकाणापासून किती अंतरापर्यंतचं मोजायचं ते, कुणी ४०० मीटर सांगतं कुणी ८०० कुणी थेट एन (मर्यादाच नाही). काय धरू?

चौकातला_नोड
सॉफ्टवेअर नंतर ठरव गं, आधी डेटा बघ. नदीकडची बाजू फिकी येतेय कारण तू नकाशा बहुतेक नदीवरच कापलायस, म्हणजे लकडी पूल, भिडे पूल, शिवाजी पूल हे सगळे तुझ्या ग्राफमध्ये (चौक म्हणजे नोड आणि मधले रस्ते म्हणजे कड्या असं जाळं) कुठंच जात नाहीत, पलीकडं डेक्कन नाही की शिवाजीनगर नाही, मग तिथून कुणी जाईलच कशाला. सगळ्यात मोठा रेडियस २००० मीटर असेल तर पेठांच्या हद्दीबाहेर चारही बाजूंना निदान तेवढं नेटवर्क घे, गणित सगळ्यावर चालव आणि दाखवताना फक्त पेठा दाखव. प्रोजेक्शन केलंयस ना, म्हणजे अक्षांश-रेखांशांचं मीटरमध्ये रूपांतर? पुण्यासाठी ईपीएसजी कोड ३२६४३, यूटीएम ४३ उत्तर.

टॉलरन्स १५ म्हणजे प्रत्येक नोडभोवती १५ मीटरचं वर्तुळ, म्हणजे ३० मीटरच्या आतले दोन चौकसुद्धा एक होतात. सातारा रोडसारख्या दुहेरी रस्त्यावर ठीक आहे, पण पेठेत दोन बोळांची तोंडं इतक्या अंतरावर सर्रास असतात, ती सगळी गिळली गेली. पेठांपुरतं ३-४ ठेव नाहीतर बंदच कर आणि जिथं खरंच गुंता आहे तिथं हातानं सोडव.

तुळशीबागेचं म्हणशील तर नेटवर्क टाइप ड्राइव्ह (गाडीचे रस्ते) ठेवलंयस का ते बघ, फक्त पायी जायच्या वाटा त्यात येतच नाहीत, वॉक लागेल. तरी नाही आल्या तर ओपनस्ट्रीटमॅपवर कुणी काढल्याच नसतील, किंवा काढल्यात पण मुख्य रस्त्याला जोडल्या नाहीत, आणि ओएसएमएनएक्स डिफॉल्टला सुटे तुकडे टाकून देतं. एक दुपार जाऊन चालून ये आणि नकाशात भर घाल, वाड्यांतून आरपार जाणारे बोळ तर उपग्रहाच्या फोटोतही कळत नाहीत.

सेगमेंट_सदाशिव
वरच्यांशी सहमत. नेटवर्कएक्सचा बिटवीननेस पूर्ण ग्राफवर चालतो, त्यातला के म्हणजे रेडियस नव्हे, तो सॅम्पल नोड किती घ्यायचे त्याचा आकडा आहे, खूप जण फसतात. शिवाय कडीचं वेट (वजन) म्हणून लांबी दिली नसेल तर ते मीटर नाही, नुसत्या कड्या मोजतंय. रेडियस हवा तर आयग्राफ या लायब्ररीत कटऑफ आहे, सिटीसीअर या लायब्ररीत अंतरांची यादीच देता येते.

अँग्युलरमागचं म्हणणं असं की माणूस मीटर मोजत नाही, वळणं टाळतो. पण ४००-८०० मीटरच्या आत, तेही पेठांसारख्या बऱ्यापैकी काटकोनी भागात, दोन्हीचे नकाशे बरेचसे सारखे यायची शक्यता जास्त. दोन्ही चालव आणि कुठं वेगळे पडतात तेच थीसिसमध्ये लिही, तिथं खरं काहीतरी सापडेल. डेप्थमॅपमध्ये एक लक्षात ठेव, वाकडा रस्ता प्रत्येक वळणबिंदूला तुटतो, त्यामुळं नदीकाठच्या एका वाकड्या गल्लीचे बारा सेगमेंट (तुकडे) होतात आणि ती उगाच भाव खाते. म्हणून लांबीनं वेट कर. एसडीएनए चौकापासून चौकापर्यंतची आख्खी रेघ एकच धरतो आणि आतलं वळण कोनात मोजतो, ओएसएमच्या डेटाला मला तेच बरं वाटतं.

रेडियस ४००, ८००, २००० तिन्ही घे. ताशी ४.८ किमी धरलं तर ४०० म्हणजे पाच मिनिटं. एन नको, त्यात शहरभरची वाहतूक येते, तुझा प्रश्न तो नाहीये.

गल्ली_नंबर_शून्य
एक भर. क्लोजनेस (एखादं ठिकाण बाकी ठिकाणांना किती जवळ ते) काढणार असशील तर रेडियसच्या आत साधा एक भागिले अंतरांची बेरीज असा काढू नको. बंद बोळाच्या टोकाला आवाक्यात नोडच चार, बेरीज इवलीशी, क्लोजनेस आभाळाला!! हार्मोनिक घे, म्हणजे प्रत्येक अंतरासाठी एक भागिले अंतर काढून मग बेरीज.

आणि नॅच, म्हणजे नॉर्मलाइज केलेला चॉइस (डेप्थमॅपमध्ये बिटवीननेसला चॉइस म्हणतात), कुणी सुचवलं तर घाई नको. चॉइस अधिक एक याच्या लॉगला टोटल डेप्थ (बाकी सगळ्या सेगमेंटपर्यंतच्या वळणांची बेरीज) अधिक तीन याच्या लॉगनं भागायचं ते वेगवेगळ्या आकाराची शहरं शेजारी ठेवता यावीत म्हणून. तुझा एकच भाग आहे, नुसता लॉग चॉइस पुरे, वाचणाऱ्यालाही कळतो.

नकाशावाली
बापरे, ड्राइव्हच होतं 🤦‍♀️ लांबीचं वेटही नव्हतं. वनवेचं काय करू? लक्ष्मी रोड वनवे, बाजीराव आणि शिवाजी रोडही वनवे.

सेगमेंट_सदाशिव
चालणाऱ्याला कसला आलाय वनवे, पुण्यात तर गाडीवाल्यालाही नसतो 😄 वॉकमध्ये दोन्ही दिशा आपोआप येतात.

चौकातला_नोड
आणि प्रत्यक्ष मोजणी कर, नाहीतर नुसते रंग उरतील. लक्ष्मी रोडसारखे गजबजलेले रस्ते, मधल्या गल्ल्या आणि शुकशुकाट असलेले बोळ, सगळ्या प्रकारचे ठिपके निवड, प्रत्येक ठिकाणी पाच-पाच मिनिटं माणसं मोज, दिवसातून वेगवेगळ्या वेळी. गणपतीत आणि दिवाळीआधी अजिबात नको. मग स्पिअरमन (दोन क्रमवारी किती जुळतात ते सांगणारा सहसंबंध) काढून बघ कुठला रेडियस जुळतो. लक्ष्मी रोड मॉडेलच्या वर उडणारच कारण दुकानंच माणसं ओढतात, त्याला वगळून आणि धरून असं दोनदा दाखव.

वेळ असला तर भिडे पूल काढून एक रन घे. खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो बुडतोच, तेव्हा लकडी पुलावर आणि नारायण पेठेतल्या कुठल्या गल्लीवर किती भार सरकतो ते आकड्यात येईल. झेड ब्रिजवरनं माणसं चालतात तेव्हा तो वॉकमध्ये आलाय का तेही तपास.

नकाशावाली
भिडे पुलाचं भारीये, गाइडना आवडेल. बफर (हद्दीबाहेरचा पट्टा) घेऊन परत उतरवते, तुळशीबागेला शनिवारी जाते.

गल्ली_नंबर_शून्य
शनिवारी संध्याकाळी नको, पाय ठेवायला जागा नसते तिथं, गल्ली कुठं सुरू होते कुठं संपते काही कळायचं नाही. सकाळी दुकानं उघडायच्या आत जा.