अनुभव धागा : तुमच्या अंगाला मानवलेली सायकलची सीट

बोरकूट (धागाकर्ती)
परवा माळा आवरताना बाबांच्या जुन्या सायकलची चामड्याची सीट निघाली. सायकल कधीच गेली, पण सीट आईने धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. खाली दोन मोठ्या स्प्रिंगा, चामडं घासून काळं चकचकीत झालेलं आणि मागच्या बाजूला दोन उथळ खळगे. बाबा याच सीटवरून रोज सक्करदऱ्याहून नागपूरच्या एम्प्रेस कापड गिरणीत, म्हणजे एम्प्रेस मिलला जायचे. त्या खळग्यांवरून हात फिरवला तेव्हा कळलं की ही त्यांच्या हाडांची जागा आहे. सीट त्यांच्या मापाची झाली होती.

मी चाळिशीनंतर पुन्हा सायकल घेतली. सायकलसोबत आलेली सीट, मग जेलची मऊ, मग तिच्यावर आणखी जेलचं कव्हर असा प्रवास झाला. आता १५५ मिमी रुंदीची, मधे खाच असलेली आणि हाताला चक्क कडक लागणारी सीट बसवली आहे. अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स करून घरी आले तरी काही दुखत नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण आपल्याकडे बायका याबद्दल बोलतच नाहीत. दुखलं की सायकल गॅलरीत उभी राहते आणि तिच्यावर कपडे वाळायला लागतात.

तुम्हाला मानवलेली सीट कशी सापडली, सांगा. मोकळेपणाने लिहा.

तर्रीबाज
ताई, बरं झालं विषय काढला. मागच्या थंडीपासून चालवून रायलो, पण हे विचारू कोनाले? वर्धा रोडनं बुटीबोरीकडं निघालो की खापरीच्या पुढं मांडीच्या आतून जळजळ सुरू. घरी येईपर्यंत लालभडक. सीट तर चांगली गुबगुबीत आहे, महागाची आहे.

पऱ्हाटी
@तर्रीबाज मांडी घासते म्हणजे सीट बदलायच्या आधी उंची बघ. मागून कोणाला तरी व्हिडिओ काढायला सांग. पेडल मारताना कंबर डावी-उजवी हलत असेल तर सीट उंच आहे, प्रत्येक फेऱ्याला तू खाली घसरून घासतोस. टाच पेडलवर ठेव, पेडल एकदम खाली ने, पाय तेव्हा सरळ झाला पाहिजे. मग पंजा ठेवलास की गुडघ्यात आपोआप थोडा बाक येतो. आणि गुबगुबीत म्हणजे चांगली असं काही नसतं रे भाऊ.

तर्रीबाज
हाव का. आज संध्याकाळीच पोट्ट्याले मोबाईल घेऊन मागं पाठवतो.

कण्हेर
एम्प्रेस मिल!! माझे आजोबा तिथे विव्हिंगला होते. भोंगा झाला की आजी पोळ्या लाटायला घ्यायची म्हणे. @बोरकूट तुमचे बाबा कोणत्या खात्यात?

बोरकूट
@कण्हेर स्पिनिंगला. शेवटची काही वर्षं स्टोअरमध्ये. आईला विचारते, ओळख निघेलही.

सांधेजोड
फिजिओथेरपिस्ट आहे, दोन पेशंटच्या मधे लिहितोय, तुटक वाटेल. बसताना आपला भार ओटीपोटाच्या हाडांच्या खालच्या दोन टोकांवर यायला हवा. मांसावर नाही आणि मधल्या नाजूक भागावर तर अजिबात नाही. सीट फार मऊ असली की ही टोकं आत रुततात आणि मधला फोम वर येऊन नेमका नसांवर दाबतो. म्हणून दुकानात बोटानं दाबून छान वाटलेली सीट तासाभरानंतर छळते. दोन टोकांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं. साधारणपणे बायकांचं जास्त असतं, पण उंची-वजनावरून अंदाज बांधू नका, सडपातळ माणसाचंही रुंद निघतं.

घरी मोजायचं तर खोक्याचा नळीदार पुठ्ठा घ्या, कडक स्टुलावर ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, गुडघे थोडे वर घ्या, पुढे वाका. उठलात की दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि त्यात दोनेक सेंटिमीटर मिळवा. ताठ बसून चालवत असाल तर त्याहून जास्त.

बधिरपणा येत असेल तर मात्र अंगावर काढू नका. पुरुषांनीसुद्धा. ती नस दबल्याची खूण आहे. उतरल्यावरही मुंग्या राहत असतील तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

धंतोलीच्या काकू
रुंद, मऊ सीटला सगळे नावं ठेवताहेत म्हणून लिहिते. माझी लेडीज सायकल, हँडल उंच, मी ताठ बसते, गोकुळपेठेत भाजी आणायची आणि लायब्ररीत जायचं. मला स्प्रिंगवाली रुंद सीटच हवी. मुलाने हौसेने त्याची ती निमुळती सीट बसवून दिली होती, सिमेंट रोडच्या प्रत्येक जोडावर माकडहाडापर्यंत हादरा. चौथ्या चौकातून परत आले आणि जुनी लावून घेतली. किती लांब चालवता आणि बसता कसे ते आधी विचारा, मग सल्ला द्या.

सांधेजोड
@काकू शंभर टक्के बरोबर. ताठ बसलं की सगळा भार मागे येतो, तिथे रुंदी आणि स्प्रिंग दोन्ही लागतात. पुढे वाकलं की कंबर फिरते, हातांवर भार जातो आणि अरुंद सीट चालते. सीट बसण्याच्या पद्धतीप्रमाणे बदलते.

रानमांजर
आमच्या गल्लीतला सिमेंट रोड घराच्या उंबऱ्याच्या वर गेलाय. पावसाचं पाणी सरळ हॉलमध्ये. सीटचं नंतर बघू म्हणते.

कण्हेर
@रानमांजर आमच्याकडेही तेच. फरशी उचलून घेतली शेवटी.

डांबरगोटी
मी बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड करतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. मला इंग्लंडच्या ब्रुक्सची बी-१७ मानवली. ही कंपनी १८६६ सालची आणि बी-१७ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बनतेय. फोम नाही, जेल नाही, ताणलेलं जाड चामडं. सुरुवातीला पाटावर बसल्यासारखं वाटतं, मग हळूहळू तुमच्या हाडांप्रमाणे बसत जातं. बोरकूटताईंच्या बाबांच्या सीटवर जे खळगे आहेत, तेच. पण सगळ्यांना घ्या म्हणणार नाही. पावसात जपावी लागते, जड असते आणि फार वाकून चालवणाऱ्याला रुंद पडते.

दुसरं म्हणजे पॅडची चड्डी. तिच्या आत दुसरं काही घालायचं नाही! आतल्या शिवणीनेच कातडी सोलते. नवीन मुलं लाजून विचारत नाहीत आणि फोड घेऊन येतात. घरी आल्यावर ती लगेच काढून धुवायला टाका, ओल्या पॅडमध्ये चहा पीत बसू नका.

आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. जवळपास ४,८०० किलोमीटर. २०१८ मध्ये मॉस्को ते व्लादिवोस्तोक, ९,००० किलोमीटरच्या वर. पायांची ताकद सगळे विचारतात, मला नेहमी त्या सीटवरच्या तासांचं कौतुक वाटतं.

निवृत्त फिटर
बोरकूटताई, ती सीट टाकू नका. सीटच्या पुढच्या टोकाखाली एक नट असतो, चामडं सैल पडलं असेल तर पान्याने पाव आटा, जास्त नाही. एकदम आवळलं तर रिबिटापाशी फाटतं. कोरडं पडलं असेल तर वरून मेणाचं पॉलिश हलक्या हाताने लावा. खोबरेल चोपडू नका, चामडं लोळतं मग. आणि मे महिन्यात उन्हात ठेवू नका. आपल्याकडे ४५ अंशांत चामडंच काय, रेक्झिनसुद्धा तडकतं.

दुसरी गोष्ट, सीटचं नाक. जुन्या क्लॅम्पला दाते असतात, एका दात्याने फार फरक पडतो. आधी पाणसळ लावून सपाट करा. मग चालवून बघा. नाक खाली गेलं की माणूस पुढे घसरतो आणि सगळं वजन मनगटांवर. वर गेलं की कुठे टोचतं ते सांगायला नको. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. उंची, पुढे-मागे आणि नाक तिन्ही एकदम हलवलं तर कशाने बरं वाटलं ते कळत नाही.

बोरकूट
@निवृत्त फिटर काका, मनापासून आभार. नट सापडला, गंजलाय पण फिरतोय. आईला दाखवलं तर ती बराच वेळ सीट मांडीवर घेऊन बसली.

नवी_सायकलस्वार
इथे विचारू का? बाळंतपणाला सहा महिने झाले, टाके होते. पुन्हा सुरू करायचंय, पण बसलं की तिथेच ओढ लागते. घरात सांगितलं तर "आता कशाला सायकल" हेच ऐकू येतं.

बोरकूट
विचार ग, त्याच्यासाठीच धागा आहे. आधी तुझ्या डॉक्टरांकडून तपासून घे. सहा महिन्यांनी ओढ लागते हे त्यांना स्पष्ट सांग, "होतं असं" म्हणून सोडून दिलं तर दुसरीकडे दाखव. मग मधे पूर्ण पोकळ असलेली सीट बघ, नुसती नक्षीची खाच नको. हँडल थोडं वर घे म्हणजे पुढे भार येणार नाही. आणि सायकल हवीच आहे तुला, कशाला वगैरे काही नाही.

धंतोलीच्या काकू
बाळा, माझ्या वेळी कोणी हे एवढंही सांगितलं नव्हतं. आधी पंधरा मिनिटं जपानी गार्डनच्या बाजूने, सकाळी. बाळाला तासभर सांभाळायला मी येते हवं तर, खरंच. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

नवी_सायकलस्वार
काकू, डोळ्यात पाणी आलं. करते व्यनि.

तर्रीबाज
अपडेट. पोट्ट्यानं व्हिडिओ काढला, कंबर डुलून रायली होती. सीट दोन बोटं खाली केली. आज खापरी ओलांडून गेलो, मांडी शाबूत! पण आता मधे थोडं दाबल्यासारखं वाटते. पुठ्ठ्यावर बसलो, ११८ मिमी आलं. सीट १७० ची.

सांधेजोड
मिळवून १३८ च्या आसपास. म्हणजे १४३ ची बघा, कमी फोमची. घेण्याआधी कोणाची तरी लावून निदान तासभर चालवा. दुकानाबाहेर दोन चकरा मारून काही समजत नाही.

डांबरगोटी
माझ्याकडे १४३ आणि १५५ दोन्ही पडून आहेत, चामड्याची आल्यापासून वापरत नाही. रविवारी सहाला फुटाळ्याला आणतो. @नवी_सायकलस्वार, १५५ वाली मधे पूर्ण पोकळ आहे, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर घेऊन जा, हवी तितके दिवस ठेवा. पाच नंबरची एलन की कोणाकडे आहे? माझी हरवली.

निवृत्त फिटर
चार, पाच, सहा तिन्ही आणतो. पाणसळपण. पोहे तुम्ही द्या.

तर्रीबाज
पोहे माझ्याकडून काका. तर्री वेगळी बांधून आणतो.