किळस खरी, पण तहानही खरी

"गटाराचं पाणी देवघरात कसं न्यायचं?" सांडपाणी शुद्ध करून पिण्यासाठी नळाला द्यायच्या कल्पनेवरचा हा काकूंचा प्रश्न मला हसण्यावारी न्यावासा वाटत नाही. ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बात २००६ साली लोकांनी मतदान करून अशीच योजना नाकारली. पण काकू, आपण लातूरकर. २०१६ ला मांजरा धरण आटलं, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. घागरींच्या त्या रांगा मी तरी विसरलेलो नाही. नामिबियातलं विंडहोक १९६८ पासून शुद्ध केलेलं सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळतंय. मात्र तिथे कारखान्यांचं सांडपाणी त्यात येऊ देत नाहीत, आणि माझं सगळं घोडं इथंच अडतं. आधी ते वेगळं करा, रोजच्या तपासणीचे आकडे चौकात लावा. तोवर हे पाणी एमआयडीसीला द्या, अन् धरणातलं आमच्या नळाला राहू द्या.