बुसियांना लोकशाहीचे हुतात्मे ठरवण्याआधी...

दर्यावर्दी: घानाचे पंतप्रधान कोफी बुसिया लोकशाहीचे हुतात्मे होते, असा कालचा लेख वाचून राहवलं नाही. ऑक्सफर्डचे समाजशास्त्रज्ञ, घानाचे पहिले अध्यक्ष एन्क्रुमा यांच्या काळात परागंदा, १९६९ च्या निवडणुकीत १४० पैकी १०५ जागा, सगळं कबूल. पण त्याच नोव्हेंबरात त्यांनी फर्मान काढलं: राहण्याचा परवाना नसलेल्या परदेशी लोकांनी दोन आठवड्यांत देश सोडावा. कोकोच्या मळ्यांत राबणारे, बाजारात वर्षानुवर्षं दुकान मांडून बसलेले नायजेरियाचे योरुबा रातोरात उपरे ठरले. १९७० मध्ये ५६८ सरकारी नोकर घरी बसवले. त्यातला एक कोर्टात जिंकला, तर बुसियांनी जाहीर सांगितलं की कुणाला नोकरीवर घ्या म्हणून कोर्ट सरकारवर सक्ती करू शकत नाही. हा लोकशाहीवादी?

मावळतीकर: एन्क्रुमांनी करून ठेवलेलं कर्ज कुणी फेडायचं? बेकारी वाढलेली, कोकोचा भाव पडलेला. ज्यांनी मतं दिली त्यांनाच ती हद्दपारी हवी होती.

नर्मदेकाठी: लोकांना हवी होती म्हणून बरोबर? माझे काका घानाच्या राजधानीत, आक्रात, एका सिंधी पेढीवर हिशेब लिहायचे. १९७० च्या कायद्यानं छोटा व्यापार फक्त घानावासीयांसाठी राखून ठेवला आणि पेढी उठली. काकांनी चोपड्या बांधल्या, मालकाच्या हवाली केल्या आणि परतले. पुन्हा तशी नोकरी मिळाली नाही.

मावळतीकर: म्हणजे पूर्ण कारकीर्द काकांच्या नोकरीवरून तोलायची?

लागोसकर: मी १९८३ ला लागोसमध्ये होतो. नायजेरियानं तेव्हा दहा लाखांच्या वर परदेशी लोकांना हाकललं, बहुतेक घानाचे. आमच्या शेजारचे घानाचे मास्तर चौकड्यांच्या पिशवीत शिलाई मशीनचं डोकं कोंबत होते. त्या पिशवीला तिकडे आजही ‘घाना मस्ट गो’ म्हणतात. वर घानानं स्वतःचीच सीमा बंद ठेवलेली, लोक बेनिनमध्ये अडकून पडले.

मावळतीकर: त्याचं खापरही बुसियांवरच फोडा! १९७८ ला वारले ते.

लागोसकर: नायजेरियाचे तेव्हाचे अध्यक्ष शगारी, त्यांचं पाप त्यांचंच. पण बुसियांचं फर्मान लागोसमध्ये कुणी विसरलं नव्हतं, हे मी कानांनी ऐकलंय.

मावळतीकर: बरं, हद्दपारी वाईट होती, घ्या. पण डिसेंबर १९७१ मध्ये घानाच्या चलनाचं, सेडीचं, ४४ टक्के अवमूल्यन झालं, महागाई भडकली, लष्कराच्या सवलती आधीच कापलेल्या. बुसिया लंडनला उपचार घेत असताना १३ जानेवारी १९७२ ला लष्करातल्या कर्नल अचिआंपाँगनी सत्ता बळकावली. मतपेटीनं घालवायला काय झालं होतं?

दर्यावर्दी: बंड नको होतं, एवढं मान्य. कोर्टाच्या निकालाबद्दल मात्र तुम्ही अजून एक अक्षर बोललेला नाहीत.